ऑक्टोबरच्या उकाड्यात युरिया उघड्यावर टाकू नका

पाऊस ओसरला की गोराई-मनोरीच्या वाड्यांत आणि आरेच्या पाड्यांवर मुळा, पालक, लाल माठाचे वाफे धरले जातात. गच्चीवरच्या कुंड्यांतही मेथी टाकली जाते. दरवर्षी याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते: "युरिया दिला, तरी पाला पिवळाच." खत बनावट असेलच असं नाही. बऱ्याचदा ते हवेत उडून गेलेलं असतं.

युरिया ओल्या मातीत पडला की सूक्ष्मजीवांचं युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) त्याचा अमोनिया करतं. (हे विकर १९२६ साली जेम्स समनर यांनी आपल्या अबईच्या भावंडाच्या, म्हणजे जॅक बीनच्या दाण्यांतून पहिल्यांदा स्फटिकरूपात वेगळं केलं.) मातीच्या आत अमोनिया तयार झाला तर माती तो धरून ठेवते. पृष्ठभागावर झाला तर वायू होऊन निघून जातो. प्रश्न एवढाच, की तो किती लवकर तयार होतो.

तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. पहाटे २४ अंश आणि दुपारी ३४ अंश, म्हणजे एकाच दिवसात दुपटीचा फरक. गच्चीवरच्या काळ्या कुंडीतली माती तर हवेपेक्षाही जास्त तापते, त्यामुळे जमिनीत जे काम चार-पाच दिवस चालतं ते तिथे बरंच आधी उरकतं.

हा वेग घरी मोजून पाहा, माझा आग्रह आहे. सारख्या दोन बरण्यांत तुमच्याच वाफ्याची प्रत्येकी दोन मुठी ओली माती घ्या आणि वर चमचाभर युरिया टाका. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाची पट्टी थोडी ओली करून झाकणाच्या आतून चिकटवा. पट्टी मातीला लागता कामा नये. झाकण घट्ट लावा. एक बरणी घरात माठाशेजारी ठेवा, दुसरी पत्र्याच्या शेडखाली. थेट उन्हात मात्र नको, हळदीचा रंग उन्हाने उडतो. मग पट्टी तांबडी व्हायला किती तास लागले ते लिहून ठेवा. समजा, माठाशेजारी २० तास आणि शेडखाली १० तास लागले, तर शेडखाली वेग दुप्पट. प्रयोगशाळेतही मुळात हेच करतात: ठरावीक बदल व्हायला लागलेला वेळ मोजायचा, वेळ निम्मा, तर वेग दुप्पट. झाकण उघडाल तेव्हा मुतारीसारखा उग्र वास येईल. तो तुमच्या पैशाचा नत्र (नायट्रोजन) आहे, अमोनिया होऊन उडालेला.

आता शेतात काय करायचं? युरिया संध्याकाळी द्या, दोन ओळींमध्ये दोन-अडीच इंच खोल चरीत टाकून मातीने झाका आणि लगेच भरपूर पाणी सोडा. नुसता शिडकावा सगळ्यात वाईट: तेवढ्या ओलीत विकराचं काम सुरू होतं, पण खत खाली उतरत नाही. पहाटेच्या दवाचंही तेच, म्हणून रात्रभर वर पडलेला युरिया सकाळी पाणी देऊन आत जाईल या भरवशावर राहू नका. कुंडीत दाणे टाकूच नका. लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम विरघळवून, आधी भिजवलेल्या मातीत ओता.

चुलीची राख किंवा चुना आणि युरिया एकत्र देऊ नका. त्याने माती अल्कधर्मी होते आणि अमोनिया झपाट्याने सुटतो. दोन्हींमध्ये आठ-दहा दिवस तरी जाऊ द्या. पालापाचोळ्याच्या आच्छादनावरही युरिया फेकू नका, कुजणाऱ्या पाल्यात युरिएज भरपूर असतं. आच्छादन बाजूला सारा, खत मातीत द्या, मग पुन्हा झाका.

निमकोटेड आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. कडुनिंबाच्या तेलाचा लेप मुख्यतः पुढची पायरी मंद करतो, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट होणं. वर पडलेल्या दाण्यातून अमोनिया उडायचा तो उडतोच. तेव्हा गोणीवर निमकोटेड लिहिलेलं असलं तरी चर काढायचा आळस करू नका.