व्हीपीएनच्या चौकटीवर आपल्या कार्यालयाचे बोधचिन्ह

व्हीपीएनची (इंटरनेटवरून कार्यालयाच्या जाळ्याशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या खासगी मार्गाची) जोडणी नेमकी आपल्याच कार्यालयाची आहे का, हे पडद्यावरील लॉग-इनच्या चौकटीवरून न कळल्यामुळे नवे कर्मचारी अडतात. यासाठी विंडोजमधील ‘कनेक्शन मॅनेजर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन किट’ हे जोडणीचे प्रोफाइल (जोडणीची तयार मांडणी) बनवणारे ऐच्छिक साधन बसवून घ्यावे.

१. बोधचिन्हाचे चित्र बिटमॅप (.bmp) स्वरूपात, ३३० × १४० पिक्सेल आकारात तयार ठेवावे.
२. प्रोफाइल तयार करताना ते चित्र जोडावे आणि साहाय्यासाठीच्या मजकुरात मदतकक्षाचा दूरध्वनी क्रमांक लिहावा. माझ्या मते बोधचिन्हापेक्षाही हा क्रमांक अधिक उपयोगी पडतो.
३. डोमेनचा (कार्यालयाच्या जाळ्याच्या नावाचा) रकाना नको असल्यास प्रगत बदलांच्या पानावर सीएमएस फाइलमधील (प्रोफाइलच्या सेटिंगांच्या फाइलमधील) ‘हाइडडोमेन’चे मूल्य १ करावे.

३२-बिट संगणकांसाठीचे प्रोफाइल ३२-बिट विंडोजवर आणि ६४-बिट संगणकांसाठीचे ६४-बिट विंडोजवरच तयार करावे.