दूध उतू जाऊन पातेलं करपलं तर

परवा सकाळी नातवाच्या शाळेच्या बुटाची लेस बांधत बसले आणि इकडे दूध उतू गेलं. नौपाड्यातलं आमचं स्वयंपाकघर एवढंसं, वास थेट बाहेरच्या खोलीपर्यंत.

आधी पातेल्याकडे नाही, शेगडीकडे बघा. दुधाने ज्योत विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. बटण बंद करा, खिडक्या उघडा. वास असेपर्यंत दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशालाही हात लावायचा नाही. चालू असेल ते चालूच राहू द्या. घरी सिलिंडर असेल आणि वास हटत नसेल, तर बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. सूनबाईने हा नंबर फ्रिजवर चिकटवलाय.

मग दूध. डाव घालून तळ मुळीच खरवडू नका, नाहीतर सगळ्या दुधाला करपट वास लागतो. वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात ओता.

स्टीलच्या पातेल्यात करपलेला भाग बुडेल इतकं पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा, तसंच गार होऊ द्या. काळी साय कडेने सुटून पापडासारखी वर येते. उरलेलं लाकडी उलथण्याने निघतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा नको, ते काळं पडतं. तिथे चिंचेचं पाणी उकळा.

दूध तापवण्याआधी पातेलं पाण्याने विसळून, न पुसता दूध ओता. तळाला कमी लागतं. आणि लेस आधी बांधा.