असल उत्तरचा डायोरामा: १/३५ मध्ये पहिला रणगाडा लावायच्या आधी

मिलिटरी डायोरामा, म्हणजे छोट्या मॉडेलांनी उभारलेलं लढाईचं दृश्य, सुरू करायचाय म्हणणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिलं विचारतो की किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) कुठलं घेऊ, आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं की किट नंतर, आधी जागा आणि तारीख ठरवा. "१९६५ चं युद्ध" एवढ्यावर डायोरामा होत नाही. कुठलं गाव, सप्टेंबरचा कुठला दिवस, शेतात काय उभं होतं, जमीन ओली होती का कोरडी, हे कळलं की किट आपोआप ठरतं, पुतळे ठरतात, रंगसुद्धा ठरतात.

नवीन माणसाला मी असल उत्तरची लढाई सुचवतो. पंजाबात खेमकरण सेक्टर, ८ ते १० सप्टेंबर १९६५. पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन अमेरिकन पॅटन रणगाडे घेऊन आली, समोर आपली चौथी माउंटन डिव्हिजन आणि तिच्या मदतीला दुसरी स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेड. आपल्याकडे तीन तऱ्हेचे रणगाडे होते, थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि एट्थ लाइट कॅव्हलरीचे हलके एएमएक्स-१३. घोड्याच्या नालेसारखी बचावाची रचना केली, शेतांत पाणी सोडलं, रणगाडे उसात लपवले आणि पॅटन आत येऊ दिले. भारतीय आकड्याप्रमाणे पाकिस्तानचे जवळपास ९७ रणगाडे तिथे निकामी झाले किंवा पकडले गेले. पकडलेले पॅटन नंतर भिखीविंडजवळ आणून रांगेत उभे केले, त्या जागेला पॅटन नगरच म्हणायला लागले, आणि त्याचे फोटो भरपूर असल्यामुळे अभ्यासाला मटेरियल मिळतं. आपल्याला जवळची गोष्ट म्हणजे डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, जन्म अलिबागचा, या लढाईसाठी महावीरचक्र मिळालं आणि पुढे ते लष्करप्रमुख झाले.

आता यातून डायोरामासाठी काय निघतं बघा. सप्टेंबर, पाऊस नुकताच सरलेला, उभा ऊस, चिखल. आणि इंटरनेटवर बघून बघून नवीन लोक काय करतात, तर भारत-पाक म्हटलं की वाळवंटी पिवळी धूळ मारतात. ती धूळ लोंगेवालाला चालेल, डिसेंबर १९७१, राजस्थान. असल उत्तरला नाही. इथे पॅटन चिखलात रुतलेलाच पाहिजे, कारण चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड पाणी सोडलेल्या शेतात वर तरंगत नाही. म्हणजे जमीन ओली असतानाच ट्रॅक त्यात दाबून बसवायचे, मागे चाकोरी काढायची, चाकोरीच्या दोन्ही कडांना चिखल वर आलेला दाखवायचा. रणगाडा पूर्ण करून वाळलेल्या बेसवर नुसता ठेवला तर तो ठेवल्यासारखाच दिसतो, कितीही छान रंगवलेला असू दे.

स्केलचं गणित एकदा वहीत लिहून ठेवा, कायम लागतं. १/३५ म्हणजे खऱ्याच्या पस्तिसावा भाग, त्यात पावणेसहा फुटी माणूस साधारण ५ सेंटीमीटर, सेंच्युरियनची बॉडी तोफ सोडून २१-२२ सेंटीमीटर. १/७२ मध्ये तेच अंदाजे अर्धं. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागेचा प्रश्न असेल तर १/७२ मध्ये दोन-तीन रणगाडे आणि थोडं रान एका ट्रेएवढ्या बेसवर बसतं, पण चेहरे, पट्टे, बटणं रंगवायची हौस असेल तर १/३५ च घ्या. दोन स्केल एकत्र मात्र कधीच करू नका. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा मोठा असला तर आपण कौतुकच करतो, इथे तो एक पुतळा अख्खं दृश्य खोटं पाडतो.

ऊस हा या विषयातला सगळ्यात मजेचा भाग आणि बाजारात तयार मिळेल याची वाट बघू नका, घरी करा. खरा ऊस त्या दिवसांत अडीच-तीन मीटर, म्हणजे १/३५ मध्ये सात ते साडेआठ सेंटीमीटर. कांडं तीन सेंटीमीटर जाड धरलं तर मिलिमीटरपेक्षा थोडं कमी. खराट्याचे हीर या मापाला मस्त बसतात, बारीक टोकाकडचे घ्या. पानं पातळ कागदाची, दीड मिलिमीटर रुंद, तीन-चार सेंटीमीटर लांब, आधी कागद दोन्ही बाजूंनी रंगवून मग कापायचा. वरची पानं हिरवी, खालची वाळून लोंबणारी पाचटाच्या रंगाची, हे ज्याने ऊस जवळून पाहिलाय त्याला सांगायला नको आणि इथे कोल्हापूर-सांगली-नगरच्या पोरांना आयता फायदा आहे. मशागतीच्या सऱ्या सरळ रेषेत, आणि रणगाडा त्या सऱ्यांना तिरका आलेला, ऊस एका दिशेला आडवा पडलेला. हे केलं की रणगाडा कुठून आला ते बघणाऱ्याला न सांगता कळतं. उसाची उंची मुद्दाम मोजून घ्या कारण पॅटन साधारण तीन मीटरच उंच, म्हणजे उसात शिरला की जेमतेम टरेटचा, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाचा, माथा दिसणार. लढाई अशी का झाली ते त्या एका मापात आहे.

पाणी निळं नसतं. तळ रंगवायचा गढूळ तपकिरी, वर क्लिअर रेझिन पातळ थरांनी ओतायचं, एकदम जाड ओतलं तर गरम होतं आणि कधी तडकतं. बाकी जमिनीला चाळलेली माती, पातळ केलेलं फेव्हिकॉल, गवताला काथ्या. माती आधी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते.

आता किट. इथे नावावर जाऊ नका, मॉडेलचा नंबर बघा. तामियाचं एम४८ए३ पॅटन सहज मिळतं, बांधायला सोपं आहे, पण ए३ म्हणजे डिझेल इंजिनवाला, व्हिएतनामचा. पाकिस्तानकडचे तेव्हाचे पॅटन पेट्रोलवर चालणारे, त्यामुळे मागचा इंजिन डेक, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बरंच वेगळं पडतं. एम४७, म्हणजे पॅटनचंच आधीचं मॉडेल, करायचा असेल तर इटालेरी, ताकोम यांची किटं आहेत, त्याचं टरेट लांबट निमुळतं, एम४८ चं गोल घुमटासारखं, एवढा फरक डोळ्यात बसवा म्हणजे फोटो बघताना गोंधळ होणार नाही. सेंच्युरियनला एएफव्ही क्लब, एएमएक्स-१३ तामियाचा. शर्मनला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शर्मन हा एक रणगाडा नसून अख्खं खानदान आहे, एम४ए१ ची बॉडी ओतीव आणि गोलसर, एम४ए४ ची वेल्ड केलेली आणि लांब. तुम्ही ज्या फोटोवरून करताय त्यात कुठला आहे ते ओळखल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, बाहेरून मागवलं की कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून किंमत चांगलीच चढते.

खरा रणगाडा बघायचा असेल तर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम. सेंच्युरियन, पॅटन, विजयंता सगळे हात लांब केला की येतील इतके जवळ. फोटोचे नियम आधी विचारा, चालत असेल तर वेल्डिंगच्या रेषा, ओतीव पोलादाचा खरबरीतपणा, ट्रॅकची कडी कशी लोंबते हे टिपा. रंग मात्र तिथला घेऊ नका, म्युझियममधले रणगाडे पुन्हा पुन्हा रंगवलेले असतात. रंगासाठी त्या काळचे फोटो आणि ते बहुतेक ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून थोडा अंदाज राहतोच, तो राहू द्या. आणि शेड डब्यापेक्षा जरा फिकट करा, लहान वस्तूवर गडद हिरवा काळपट दिसतो.

पुतळ्यांचं काम सावकाश. १९६५ चा तयार भारतीय जवान १/३५ मध्ये मिळणं कठीण, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश पुतळे घेऊन बदलायचे, चपटं हेल्मेट आणि पट्टे बरेचसे चालतात, अर्ध्या चड्डीची फुल पँट एपॉक्सी पुट्टीने करायची. सुरुवातीला एम-सीलवर हात बसवा, स्वस्त आहे, फक्त लवकर घट्ट होतं म्हणून वाटाण्याएवढंच मळायचं. आपले जवान ऑलिव्ह ग्रीन, पाकिस्तानी खाकी. हातात बहुतेकांच्या .३०३ रायफल आणि सेक्शनला (दहाएक जवानांच्या तुकडीला) ब्रेन गन, म्हणजे हलकी मशिनगन. सगळ्यांच्या हातात एसएलआर, म्हणजे नंतरची सेल्फ-लोडिंग रायफल, दिलीत तर ती १९७१ ची फौज झाली. शीख जवान असेल तर फेटा. हवालदार अब्दुल हमीद यांचा प्रसंग बऱ्याच जणांना करायचा असतो, फोर्थ ग्रेनेडियर्स, चीमा गावाजवळ, जीपवरची १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस गन, परमवीरचक्र मरणोत्तर. करा, जरूर करा, पण या गनचा मागून प्रचंड झोत निघतो त्यामुळे गनच्या मागे एकही माणूस उभा करायचा नाही, आणि मागचा ऊस-गवत उडालेलं, धूळ-चिखल फेकलेला दाखवायचा. बघणाऱ्यात एखादा माजी फौजी असेल तर त्याची नजर पहिली तिथेच जाते.

माजी फौजींवरून आठवलं, साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, नगरमध्ये आर्मर्ड कोअरमधून निवृत्त झालेले भेटतात, त्यांना अर्धवट मॉडेल दाखवा. बिस्तरा टरेटवर कुठे बांधायचे, पाण्याचे जेरीकॅन कुठे, ड्रायव्हर थांबल्यावर पहिलं काय तपासतो, असल्या गोष्टी पुस्तकात क्वचित असतात आणि दृश्याला जीव त्यांनीच येतो. पूर्ण झाल्यावर दाखवलंत तर ऐकून घ्याल पण बदलणार काय.

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा, कोकणात-मुंबईत तर जास्तच. लॅकर वार्निश दमट हवेत मारलं की पांढुरकं धुकं धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये बांधणी, पुट्टी, ऊस कापणे ही कामं काढा, शेवटचा मॅट कोट ऑक्टोबरवर ढकला.

यातून पैसे मिळतात का हेही लोक विचारतात. मिळतात, पण हळूहळू, मुख्यतः निवृत्त अधिकाऱ्यांच्या घरच्या ऑर्डरी, भेट द्यायला स्मृतिचिन्हं, कधी एखादं प्रदर्शन. अशी ऑर्डर घेताना आधीच लेखी ठरवा की कुठली रेजिमेंट, कुठला दिवस, कुठला फोटो आधाराला, आणि अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स. सोबत एक फाइल करा ज्यात प्रत्येक निर्णयाचा आधार चिकटवलेला असेल, हा नंबर का, हा रंग का, हा ऊस एवढाच उंच का. गिऱ्हाईक ती फाइल उघडून बघतं, आणि पुढची ऑर्डर बऱ्याचदा त्या फाइलमुळे येते.