‘नाही झालं तर?’ : स्पर्धा परीक्षेच्या काळजीत या चुका टाळा

रात्री अकरानंतर पुण्यात सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. पुस्तक उघडं असतं, पण पान उलटत नाही. या वेळी प्री, म्हणजे पूर्व परीक्षा, निघाली नाही तर? गावी काय सांगू? बहिणीच्या लग्नाचं काय? मी या पेठेत पाच वर्षं काढली आणि कितीतरी रात्री अशा एकाच पानावर घालवल्या. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं आजी म्हणायची, ते तिथे कळलं.

काळजीलाच मेहनत समजणं

प्री झाली की पहिली उत्तरतालिका येते, मग हरकती, मग अंतिम तालिका, मग निकाल. या मधल्या दिवसांत आपण गुण मोजत बसतो. टेलिग्रामवर कुणी कटऑफचा आकडा टाकला की पुन्हा मोजतो. डोकं शिणतं, म्हणून दिवसभर काहीतरी केल्यासारखं वाटतं. तेवढ्यात मेन्सचा, म्हणजे मुख्य परीक्षेच्या तयारीचा, वेळ जातो. २०२५पासून एमपीएससीच्या राज्यसेवेची मेन्स वर्णनात्मक झाली आहे, तिथे रोज हाताने उत्तरं लिहिल्याशिवाय भागत नाही. गुण एकदाच मोजा, कागदावर लिहा, कागद वहीत ठेवा. पुन्हा मोजायचे ते अंतिम तालिका आल्यावर. तोवर ग्रुप म्यूट.

विचार दाबून टाकणं

‘निगेटिव्ह विचार करू नकोस’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण त्याने त्रास वाढतो. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, असं लोकांना सांगितलं, तर अस्वल त्यांच्या मनात पुन्हापुन्हा येत राहिलं.

मला उपयोग झाला तो काळजीला वेळ ठरवून देण्याचा. वाचताना विचार आला की समासात एक शब्द लिहायचा, ‘लग्न’, ‘पैसे’, आणि पुढे वाचायचं. संध्याकाळी सहा वाजता वीस मिनिटं त्या शब्दांसाठी. झोपायच्या आधी मात्र हे करू नका, रात्री सगळंच मोठं दिसतं.

त्या वीस मिनिटांत वाक्य पूर्ण करायचं. ‘नाही झालं तर?’ हे अर्धंच वाक्य आहे आणि भीती त्या अर्धवटपणातच राहते. नाही झालं तर कुठे राहीन, काय काम करीन, पहिला फोन कुणाला करीन? माझं वाक्य असं होतं: ‘नाशिकला मावसभावाच्या दुकानाचे हिशेब बघीन आणि बी.एड.ला प्रवेश घेईन.’ लिहिताना हात थरथरला. पण दुसऱ्या दिवशी मला कित्येक आठवड्यांनी सलग दोन तास वाचता आलं. पडलो तर कुठे पडू, ती जागा एकदा बघून झाली होती.

वय आहे तोवर देत राहणं

राज्यसेवेला खुल्या गटासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची मर्यादा आहे. तिच्याकडे बघत राहिलं की निर्णय पुढे ढकलला जातो आणि काळजी दरवर्षी वाढते. किती अटेम्प्ट, कुठल्या महिन्यापर्यंत, किती पैशांत, हे स्वतः ठरवा. निकालाच्या रात्री नको, साध्या एखाद्या रविवारी, जेवण झाल्यावर ठरवा.

घरचा फोन टाळणं

वडील विचारतात, ‘जेवलास का?’ आपल्याला ऐकू येतं, ‘पास झालास का?’ मग आपण फोन उचलत नाही, आणि न उचललेल्या प्रत्येक फोनबरोबर पुढचा फोन अवघड होतो. रोज पाच मिनिटं बोला. वर ठरवलेली मुदत त्यांनाही सांगा. मी सांगितली तेव्हा बाबा म्हणाले, ‘बरं झालं बोललास, आम्हीपण विचारायला घाबरत होतो.’

एकट्यानेच निभावायचा हट्ट

दोन आठवडे झोप उडाली असेल, मेसचा डबा तसाच परत जात असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. रूममेटची अशी अवस्था दिसली तर क्रमांक नुसता पाठवू नका, त्याच्या शेजारी बसून लावून द्या.