डेअरीवर पुरुषांची बीपी-साखर तपासणी कशी घ्यावी

गावात शिबिर भरलं की बायका येतात, म्हातारी माणसं येतात. तिशी ते पन्नाशीतले पुरुष येत नाहीत. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, म्हणून 'मला काय धाड भरलीय' म्हणत दवाखान्याची पायरी टाळतात. तेव्हा तपासणीच त्यांच्यापर्यंत न्या. पुरुष रोज ठरल्या वेळी येतात अशी गावातली जागा म्हणजे दूध संकलन केंद्र. १९ नोव्हेंबरला आंतरराष्ट्रीय पुरुष दिन असतो. निमित्त हवं असेल तर तो आठवडा धरा.

आठ-दहा दिवस आधी उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आशाताईंना भेटा. तीस वर्षांवरच्यांची बीपी, साखर आणि तोंडाची तपासणी त्यांच्या कामातच येते, त्यामुळे सुया, साखरेच्या तपासणीच्या पट्ट्या, नोंदवही त्यांच्याकडूनच येऊ द्या. फलकावर 'जनजागृती शिबिर' लिहू नका. 'दूध घालून झालं की बीपी तपासा, दहा मिनिटं' एवढं पुरे. सत्कार, भाषण ठेवू नका. सकाळी सातला माणसाला रानात जायचं असतं.

दोन बीपी मशीन, पाठ टेकता येईल अशा आठ खुर्च्या, दोन टेबलं, मोजपट्टी, टॉर्च, जादा सेल. एका माणसाला दोनदा मोजायला चार मिनिटं लागतात. म्हणजे एका मशीनवर तासाला पंधरा, दोन मशीनवर दोन तासांत साठ जण. यापेक्षा जास्त बोलावले तर घाई होते आणि आकडे चुकतात.

आकडे चुकतात ते बहुतेक बसवण्यातच. किटली उचलून आलेल्या माणसाला लगेच पट्टा बांधला तर बीपी जास्त दिसणारच. पाच मिनिटं गप्प बसू द्या. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, बिडी झाली असेल तर थांबवा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. शर्टाची बाही वर सारून ती दंडाला आवळत असेल तर हात बाहीतून काढायला सांगा. नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडाला बसतो. तालमीतल्या गड्याचा दंड त्याहून जाड असतो आणि लहान पट्ट्याने बीपी खोटंच वाढलेलं दिसतं, म्हणून एक मोठा पट्टा जवळ हवाच. मोजताना कोणी बोलायचं नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा.

१४०/९० किंवा त्यावर आलं म्हणजे लगेच आजार ठरला असं नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावं लागतं. १८०/१२० किंवा त्यावर आलं तर पाच मिनिटांनी परत मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली शक्ती जाणं असेल तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

साखरेसाठी बोट टोचायचं काम शिकलेल्या माणसाचंच. आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. गुऱ्हाळावरून आलेल्याच्या बोटाला गूळ असला तर साखर भलतीच जास्त येते. सुई प्रत्येकाला नवी आणि वापरलेली थेट जाड डब्यात. कमरेचा घेर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा; पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

तंबाखू, मावा खाणाऱ्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या. तंबाखू सोडायची असेल त्याला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर द्या.

पोरं घुटमळत असतील तर त्यांना बाजूला घेऊन एवढं नक्की सांगा: वृषणात अचानक जोरात दुखायला लागलं तर लाजून घरी झोपायचं नाही. पीळ पडलेला असू शकतो आणि साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं नाही तर वृषण गमवावं लागू शकतं. दुखत नसलेली गाठ लागली तरीही दाखवायचं.

मनाचं विचारताना 'टेन्शन आहे का' म्हटलं की उत्तर 'नाही' येतं. 'झोप लागते का, मधेच जाग येते का' असं विचारा, तिथून माणूस बोलू लागतो. जीव नकोसा वाटतो असं म्हणाला तर मरायचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं घरच्यांना कुलपात ठेवायला सांगा आणि तिथूनच १४४१६ ला फोन लावून द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची ही सेवा चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. भारतात आत्महत्या करणाऱ्या दहांपैकी सात पुरुष असतात, म्हणून मनाचं विचारायची खुर्ची बाकीच्यांपासून दूर, आडोशाला ठेवा.

कोणाचाही आकडा मोठ्याने वाचू नका, नोंदवही उघडी सोडू नका. गावभर झालं की तो माणूस परत फिरकत नाही.

खरी गळती यानंतर होते. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी द्या: दोन्ही आकडे, तारीख, पुढे कुठे आणि कधी जायचं. आठव्या दिवशी त्याच डेअरीवर, त्याच वेळी मशीन घेऊन पुन्हा बसा आणि १४०/९० वरच्यांना आदल्या संध्याकाळी फोन करा. गोळ्या सुरू झालेल्यांची यादी आशाताईंकडे असू द्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. बरं वाटलं की गोळ्या सोडणं ही नेहमीची चूक, म्हणून पहिल्या महिन्याच्या शेवटी प्रत्येकाला पाकीट घेऊन यायला सांगा आणि उरलेल्या गोळ्या मोजा.