उथळ कुंडीतली झाडं: मृगाआधी भरा, गणपतीला विका

रोहिणी नक्षत्र चालू आहे. कौलं शाकारून झाली, लाकडं माळ्यावर चढली, आगोटीची बेगमी भरली. ज्यांच्या पडवीत किंवा परसात लहानशी रोपवाटिका आहे, त्यांनी याच आठ-दहा दिवसांत कुंड्या भरून ठेवाव्यात. मृगात लावलेली कांडी गणपतीला चाकरमानी घरी येईपर्यंत विकण्याजोगी होते.

परत मुंबई-ठाण्याला जाताना लोक मोठी कुंडी नेत नाहीत. मांडीवर धरून नेता येईल, खिडकीच्या ग्रीलमध्ये मावेल आणि चार दिवस पाणी चुकलं तरी तग धरेल, असं झाड ते मागतात. म्हणजे तीन-चार इंच खोलीची पसरट कुंडी आणि हट्ट न करणारं झाड. ही मागणी आपल्याला सोयीची आहे, कारण माती कमी लागते, जागा कमी लागते आणि यातली बरीचशी झाडं कांडीवर किंवा फुटव्यावर होतात. अडचण एकच आहे: उथळ कुंडीतलं पाणी.

बहुतेकांना वाटतं, कुंडी उथळ म्हणजे ती लवकर सुकणार. ऑक्टोबरच्या उन्हात ते खरंही आहे. पण पावसाळ्यात नेमकं उलट होतं. भांडी घासायचा जाडसर स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थेंब थांबतील. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. कुंडीतल्या मिश्रणाचंही असंच आहे. जादा पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक थर चिंब राहतो, आणि मिश्रण तेच असेल तर कुंडी उथळ असो की खोल, त्या थराची जाडी तेवढीच असते. समजा तो दीड इंच आहे. आठ इंची कुंडीत मुळांना वर साडेसहा इंच मोकळी, हवेशीर जागा मिळते. तीन इंची कुंडीत उरते जेमतेम दीड इंच. म्हणजे उथळ कुंडीतल्या झाडाची अर्धी मुळं पाण्यात उभी असतात.

यावर उपाय म्हणून आपण तळाला खडीचा थर देतो, आणि तिथेच फसतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी चाळीसेक पसरट कुंड्यांना असाच बोटभर खडीचा थर दिला होता, वर शेणखत-मातीचं मिश्रण. जुलै संपेपर्यंत पेपरोमियाची (हे मांसल पानांचं वीतभर शोभेचं झाड) निम्म्याहून जास्त रोपं देठाशी काळी पडून आडवी झाली. एक कुंडी उलटी करून पाहिली, तर खडी जवळजवळ कोरडी आणि तिच्यावरची माती चिखल झालेली. बारीक मातीत धरलेलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, ते वरच अडून राहतं. खडीमुळे पाणी निघालं तर नाहीच, उलट ओला थर तेवढा वर सरकला. तेव्हापासून मी तळाला काही घालत नाही. भोकावर फक्त जुन्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा ठेवते, तोही गोड्या पाण्यात धुऊन.

खडी तळाला नको, ती मिश्रणातच हवी. चिरेखाणीवर पडलेली जांभ्याची कच आणा, चाळणीने तिची लाल धूळ काढून टाका (धूळ राहिली तर पावसात तिचं लोणी होतं) आणि तुरीच्या दाण्याएवढे खडे ठेवा. ही खडी दोन भाग, धुतलेला कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, आणि मूठभर जळका तूस. तूस काळा हवा. पांढरी राख झालेला घालू नका. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो थोडं पाणी धरतोही आणि हवाही खेळती ठेवतो. समुद्राची वाळू मात्र कितीही हाताशी असली तरी वापरू नका, तिच्यात मीठही आहे आणि शिंपल्यांचा चुनाही.

कोकोपीट धुवायचा कंटाळा करू नये. खाडीकाठी सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवतात, ते मीठ भुशात उतरतं. विकत आणलेल्या कोकोपीटच्या विटांचाही भरवसा नसतो. रात्रभर गोड्या पाण्यात भिजवा, सकाळी घट्ट पिळा, पाणी फेका. असं तीनदा करा. विहीर खाडीजवळ असेल आणि मे अखेरीस पाणी मचूळ लागत असेल, तर हे काम पहिल्या चांगल्या पावसानंतर पागोळीच्या पाण्याने करा.

कुंडीसाठी बाजारात धावायची गरज नाही. मडक्याचा फुटका तळ, मातीची परळं, नारळाच्या करवंट्या, सगळं चालतं. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो. खिळा त्यात टोचला की विनासायास आरपार जातो, बाकीच्या दोघांशी झटायला नको. मात्र भोक बारीक पडतं, ते करंगळी जाईल एवढं मोठं करा.

आता झाडं कोणती?

मी पहिला मान पेपरोमियाला देते. आपल्या सुपारीवर चढणारी मिरवेल याच कुळातली. मुळं बारीक आणि वरच्यावर राहणारी, पानं मांसल, उंची वीतभर. उथळ कुंडीसाठीच जन्मल्यासारखं झाड आहे हे. खोड्याही मिरवेलीच्याच, पाणी साचलं की मान टाकणार. दोन-तीन पेरांची कांडी मृगात लावली तर महिन्याभरात धरते. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरी नेणाऱ्याला हेच द्यावं, ते विषारी नाही.

दुसरा स्नेक प्लांटचा बुटका प्रकार, पाकळ्यांसारखी पानं पसरणारा. त्याचे जमिनीतले फुटवे आडवे धावतात, त्यामुळे त्याला खोलीपेक्षा रुंदी हवी. गणपतीसाठी फुटवे वेगळे करूनच लावा. पानाचे तुकडे लावले तर रोप व्हायला महिने जातात, शिवाय पिवळ्या काठाच्या जातीच्या पानापासून आलेलं रोप साधं हिरवं निघतं आणि गिऱ्हाईक नाराज होतं.

मनी प्लांट सर्वांना ठाऊक आहे. हवेतलं मूळ फुटलेलं एक पेर ठेवून कांड्या काढा, एका पसरट कुंडीत पाच-सहा लावा, म्हणजे कुंडी भरलेली दिसते. आळवाच्या कुळातलं असल्याने कच्च्या आळवासारखीच याचीही घशाला खाज सुटते. विकताना हे आठवणीने सांगा.

स्पायडर प्लांट डोंगरात पहिल्या पावसात येणाऱ्या फोडशीचा नातेवाईक. जाड मुळांत पाणी साठवतो, म्हणून विसराळू माणसाला चालतो. पण वर्षभरात मुळांनी कुंडी भरून झाड वर उचललं जातं, तेव्हा विभागणी करावी लागते. मचूळ पाण्याने पानांची टोकं करपतात. टोकं करपलेली रोपं विकायला ठेवू नका, दोन पावसाळी महिने गोड्या पाण्यावर काढली की नवी पानं स्वच्छ येतात.

झेडझेड प्लांट सगळ्यांत सोशिक, आत बटाट्यासारखे गड्डे असतात. पण वाढ फार सावकाश. आता लावलेलं पान पुढच्या वर्षीच्या गणपतीला उपयोगी पडेल, या हिशेबाने थोडी लावून ठेवा.

एचेवेरियासारखी कमळाच्या आकाराची सक्युलंट फोटोत सुंदर दिसतात, पण आपल्या दमट हवेत जुलै-ऑगस्टमध्ये सडतात. ती करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तो आकार हवाच असेल तर हॉवर्थिया करा, सावली सोसतो. अरेका पाम उथळ कुंडीत कोंबू नका.

लावणीनंतरचं खरं काम म्हणजे झाडं झडीपासून वाचवणं. पागोळीच्या रेषेपासून निदान हातभर आत ठेवा, आणि जमिनीवर नको, दोन बांबूंवर किंवा चिऱ्यांवर, म्हणजे भोकाखाली हवा फिरेल. खालच्या ताटल्या पावसाळाभर काढून टाका. त्यात मुळंही कुजतात आणि डासही होतात. पडवीला झाप किंवा कापड बांधलं की आत अंधार होतो, तेव्हा कुंड्या उजेडाच्या बाजूला सरकवा. जून ते सप्टेंबर हवेतच इतकी ओल असते की दहा-बारा दिवस पाणी लागत नाही. वेळापत्रकाने पाणी घालू नका, कुंडी उचलून वजन पाहा. हलकी लागली तरच घाला. जुलैत खतही देऊ नका. ऑगस्टच्या मध्यावर उघडीप मिळाली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला १ ग्रॅम, एकदाच.

पेराशी कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर ती कुंडी आधी वेगळी ठेवा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून फवारा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचा. त्यांच्यासाठी कुंडीभोवती मीठ टाकायची सवय काहींना आहे, ते पावसाने मुळांत उतरतं.

पेपरोमियाचं देठ काळं पडलं तर औषधाने ते झाड परत येत नाही. वरचा निरोगी शेंडा कापून नव्या मिश्रणात लावा, जुनं मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

गेल्या गणपतीत एक सून परत आली होती. म्हणाली, "काकी, आदल्या गणपतीत नेलेलं तुमचं झाड दिवाळीआधीच गेलं हो, रोज पाणी घालत होते मी." तेव्हापासून मी कुंडी हातात देतानाच नेणाऱ्याचं बोट मातीत घालायला लावते: दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. न्यायच्या आधी दोन दिवस पाणी बंद करा, म्हणजे कुंडी हलकी राहते आणि गाडीत चिखल सांडत नाही. वरून वर्तमानपत्राचा बोळा दाबा, पानांभोवती कागद सैल गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी बांधून देऊ नका, घाट चढेपर्यंत आत वाफ धरते.