हप्ता बारा महिने, पाहुणे आठ महिने : कोकणात कर्जावर मालमत्ता वाढवताना

दापोली, गुहागर, मालवण अशा शाखांत कर्ज विभागात काम करून मी निवृत्त झाले. आता रत्नागिरीत घरीच असते, पण फोन थांबलेले नाहीत. विचारणारा बहुतेक पस्तिशी-चाळिशीतला, मुंबई-पुण्यात पगारदार, गावाकडे एखादा होमस्टे असलेला. "काकू, दोन झाले. तिसऱ्याला बँक तयार आहे. घेऊ ना?"

बँक तयार असते ती तुमच्या पगाराच्या स्लिपकडे बघून. होमस्टेच्या कमाईचा तिथे फारसा विचार झालेला नसतो. तो तुम्हीच करायचा आहे, आणि वर्षाच्या एकूण बेरजेत नाही तर महिन्यामहिन्याने करायचा आहे.

कागद घ्या, बारा रकाने आखा. समजा, गुहागरला चार खोल्यांचं घर आहे आणि खोलीचं भाडं २,५०० रुपये. हंगामात प्रत्येक खोली महिन्याला १२ रात्री भरली तर १,२०,००० रुपये येतील. माणसांचे पगार, लाइट, धुलाई, बुकिंग ॲपचं कमिशन मिळून ५०,००० गेले, हातात ७०,०००. जून ते सप्टेंबर खोलीमागे तीनच रात्री धरा. म्हणजे ३०,००० आले, आणि रखवालदार, वीज, इंटरनेट यांचे २०,००० चुकत नाहीत. उरले १०,०००. गणपतीत गाव भरतं खरं, पण चाकरमानी आपापल्या घरी उतरतात, आणि तुमचा केअरटेकरही त्याच्या घरी आरतीला असतो.

वर्षाची बेरीज केली तर खर्च वजा जाता ६ लाख उरतात. घरावर ५० लाखांचं कर्ज आहे, २० वर्षांसाठी, ९.२५ टक्क्यांनी. हप्ता ४५,७९३. वर्षाचे ५,४९,५१६. म्हणजे ५० हजार शिल्लक! गिऱ्हाईक इथेच खूश होतं आणि वही मिटतं. पण पावसाळ्याचे चार रकाने पुन्हा बघा. दर महिन्याला ३५,७९३ रुपये कमी पडतात, चार महिन्यांत १ लाख ४३ हजार. हे पैसे आधीच्या आठ महिन्यांत बाजूला पडले असतील तरच घर चाललं. अशी तीन घरं असतील तर दर पावसाळ्यात सव्वाचार लाखांहून जास्त लागतात, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर.

सुरळीत चालत नाही हे आपण पाहिलंय. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, एप्रिल-मे कोरडे गेले, आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते, २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. वरच्या हिशेबात एप्रिल-मे काढून टाका. बंद घराचा खर्च न धरताही १ लाख ४० हजार गेले, वर्षाची ५० हजारांची शिल्लक जाऊन वर ९० हजारांचा खड्डा. रिझर्व्ह बँकेने तेव्हा ऑगस्टअखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती, पण व्याज चढत होतं. पुष्कळांनी ती सवलत म्हणजे माफी समजली.

म्हणून माझा नियम असा : प्रत्येक घरामागे सहा महिन्यांचा हप्ता आणि सहा महिन्यांचा बंद-घर खर्च वेगळ्या खात्यात पडल्याशिवाय पुढच्या घराचं नाव काढायचं नाही. वरच्या घरासाठी ही रक्कम जवळपास ४ लाख होते. "एवढे पैसे पडून ठेवायचे?" असं विचारणाऱ्याला मी तिसऱ्या घरासाठी सरळ नाही म्हणते.

व्याजदर तुमच्या हातात नाही

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या व्याजाची घरकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते त्याला), बांधलेली आहेत. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५ झाला. अडीच टक्के, नऊ महिन्यांत. वरचंच ५० लाखांचं कर्ज ६.७५ ने घेतलं असतं तर हप्ता ३८,०१८ आला असता. म्हणजे १ लाख ४४ हजारांची वार्षिक शिल्लक ५० हजारांवर आली. घर तेच, खोल्या त्याच, पाहुणेही तेवढेच.

पुष्कळांना हे कळलंही नाही, कारण बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली. आता हे गणित बघा : ५० लाखांवर ९.२५ ने पहिल्या महिन्याचं व्याजच ३८,५४२ होतं. जुना हप्ता ३८,०१८. म्हणजे हप्ता भरूनही मुद्दल वाढणार! नवंकोरं कर्ज असलेल्यांची वेळ याच कडेला आली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा, आणि असं मुद्दल फुगू देऊ नका. तुम्ही विचारायची वाट बघू नका. दर सहा महिन्यांनी खातेउतारा काढा आणि शिल्लक मुद्दल व उरलेले हप्ते हे दोन आकडे लिहून ठेवा. नवं कर्ज घेताना आजच्या दरात अडीच टक्के मिळवून हप्ता काढा. त्या हप्त्याला पावसाळा झेपत नसेल तर कर्ज कमी करा किंवा घर लहान घ्या.

साखळी

माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत माणसं बुडाली ती एका घरामुळे नाही, घरं एकमेकांना बांधल्यामुळे. पहिल्या घराचं मूल्यांकन वाढलं म्हणून त्यावर टॉप-अप, म्हणजे त्याच तारणावर वाढीव कर्ज घ्यायचं, ते दुसऱ्याचं मार्जिन, म्हणजे स्वतः घालायचा वाटा. दुसऱ्याच्या नावावर तिसरं. मूल्यांकन कशाने वाढतं हेही बघा. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं नाव निघालं तेव्हा राजापुरात, चिपी विमानतळाचं निघालं तेव्हा वेंगुर्ला-मालवणात, अटल सेतू होणार म्हटल्यावर उरण-अलिबागेत दर बोलले गेले. चिपीला विमान ९ ऑक्टोबर २०२१ ला उतरलं, नाणारची अधिसूचना मात्र २०१९ मध्ये रद्द झाली. बोललेल्या दरावर घेतलेला टॉप-अप प्रकल्प रद्द झाला तरी पूर्णच फेडायचा असतो.

३० ते ७५ लाखांच्या घरकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी त्या किमतीत धरत नाही. फर्निचर, विहीर, कंपाउंड वेगळंच. हे मार्जिन पतसंस्थेतून किंवा सोनेतारणातून उभं केलं तर तुमचं स्वतःचं त्या घरात काहीच नाही. सोनेतारण बहुधा वर्षात फेडायचं असतं, म्हणजे वीस वर्षांच्या घरासाठी बारा महिन्यांचा पैसा. पावसाळ्यातली फट बुजवायला दागिने ठेवा, माझी हरकत नाही. मार्जिनला नको.

आणि वडिलोपार्जित राहतं घर या साखळीत घालू नका. बँक "जादा तारण" म्हणून मागते, माणूस देतो, कारण त्यावर बोजा नसतो. ते देण्यापेक्षा कर्ज कमी मंजूर झालेलं बरं.

सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या बायकांसाठी एक वेगळं. पात्रता वाढावी म्हणून तुमचा पगार जोडला जातो, घर मात्र कधी कधी एकट्याच्या नावावर असतं. सहकर्जदार पूर्ण कर्जाला बांधील असतो, अर्ध्याला नाही. जामीनदाराचंही तेच, १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे. सही करणार असाल तर दस्तात नाव घाला, आणि नवऱ्याचा कर्जाएवढा मुदतीचा विमा आहे का ते आधी बघा.

विकायची वेळ आली तर विकेल का?

कोकणात जमिनीचे भाव पडले असं सहसा ऐकू येत नाही. भाव तोच राहतो, गिऱ्हाईक नाहीसं होतं. कर्जबाजाऱ्याला हे जास्त वाईट, कारण त्याच्याकडे वेळ नसतो. सातबारा सामायिक असेल, वीस वारसांत पाच मुंबईला आणि दोन आत्या सह्या द्यायला तयार नसतील, तर ती जमीन तीन महिन्यांत विकली जाणार नाही. शेतजमीन असेल तर १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे घेणाराही शेतकरीच लागतो. समुद्राची जागा असेल तर भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला किनारपट्टा, पोहोचतं. २०० मीटरच्या आत बांधलेल्या खोल्या परवानगीशिवाय असतील तर पुढच्या गिऱ्हाइकाची बँक त्यांची किंमत शून्य धरेल. प्लॉटिंगमध्ये घेत असाल आणि प्रकल्पाची एकूण जागा ५०० चौरस मीटरहून मोठी असेल तर महारेरा नोंदणी मागा. पाणंद आणि वहिवाटीचा रस्ता कागदावर आहे का, तेही.

कर्जावर फक्त तीच मालमत्ता घ्या, जी स्वतंत्र सातबारा, बिनशेती आदेश आणि मोजणीच्या नकाशासह दुसऱ्या बँकेत तारण जाऊ शकेल. बाकीची आवडली तर स्वतःच्या पैशाने घ्या. काही लोक बढाई मारतात, की आंब्याच्या कलमांची शेतजमीन आहे, सरफेसी (कोर्टात न जाता बँकेला तारणाचा ताबा घेऊ देणारा कायदा) लागत नाही, बँक काय करणार. २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागत नाही हे खरं. पण २० लाखांच्या वरच्या थकबाकीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण आहेच, आणि तुमच्या नावाला पुन्हा कोणी उभं करत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. घराची पॉलिसी घेऊन त्यात होमस्टे चालवत असाल तर वादळानंतर दावा अडू शकतो. व्यवसायाचा वापर कंपनीला लेखी कळवा. आणि वाडीतली सुपारी इमारतीच्या विम्यात येत नाही. निसर्गमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि नवं झाड उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं लागतात.

ओढाताण सुरू झाली असेल तर

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. मग ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा. म्हणून पहिला हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा, बारा रकान्यांचा तो कागद घेऊन. खातं चांगलं असताना मुदत वाढवून मागणाऱ्याशी अधिकारी नीट बोलतो.

विकायला काढताना लोक सगळ्यात नावडती जागा आधी काढतात. ती वादातली असते, म्हणून विकत नाही, आणि वर्ष जातं. ज्याचे कागद सगळ्यात स्वच्छ ते घर आधी विका, जीव तुटला तरी. बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र घ्या. घेणाऱ्याची बँक ती रक्कम थेट तुमच्या कर्जखात्यात भरते, उरलेली तुम्हाला. हातात आलेल्या पैशातून आधी सोनेतारण आणि पतसंस्था मोकळी करा, कारण महाग व्याज तिथे आहे.

कर्ज पूर्ण फिटलं की मूळ दस्त ३० दिवसांत परत मिळायला हवेत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. दस्त मिळाले की बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्या, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा, आणि 'इतर हक्क' रकान्यात बोजा राहिलेला नाही हे स्वतः वाचून बघा.